गुंडी तुटली की दोरा? हरित हायड्रोजनच्या संशोधनाला निधी देणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
हरित हायड्रोजनविषयीच्या संशोधन प्रस्तावांची छाननी करणाऱ्या तज्ज्ञ समित्यांचे सर्व सदस्य

विषय : इलेक्ट्रोडवर बसवलेल्या एन्झाइम-प्रेरित उत्प्रेरकांच्या टिकाऊपणाच्या अभ्यासासाठी स्वतंत्र निधी मिळणेबाबत

सन्माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

मी विद्युत्‌रसायनशास्त्रात काम करते. गेल्या चौदा वर्षांतला माझा बराचसा वेळ तीन मिलिमीटर व्यासाच्या एका काळ्या चकतीकडे बघण्यात गेला आहे. ग्लासी कार्बन म्हणतात तिला; हाच माझा इलेक्ट्रोड, द्रावणात वीज पोचवणारे टोक. काचेसारखी गुळगुळीत, कोळशासारखी काळी. सकाळी आल्यावर पहिले काम म्हणजे ओल्या मखमली पॅडवर ॲल्युमिनाची पांढरी लापशी ओतायची आणि त्यात ही चकती इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवत घासायची. सरळ घासली तर सगळे चरे एकाच दिशेने पडतात, म्हणून आठ. घरी कुणी विचारले, आज काय केलेस, तर मी सांगते, भांडी घासली. हे फारसे खोटे नाही.

या चकतीवर आम्ही रेणू बसवतो. निसर्गातल्या एका एन्झाइमकडून धडा घेऊन बनवलेले, निकेलचे किंवा कोबाल्टचे, पाण्यातल्या प्रोटॉनांपासून हायड्रोजन वायू काढणारे. या कामासाठीचा माझा प्रस्ताव आजवर तीनदा परत आला. तिन्ही वेळा शेरा जवळपास तोच: हा उत्प्रेरक किती किलोवॅटच्या स्टॅकमध्ये (पाण्यापासून हायड्रोजन काढणाऱ्या घटांच्या चळतीत) चालेल, ते स्पष्ट करावे. संस्थेचे नाव घेत नाही, कारण हा शेरा कुणा एका संस्थेचा राहिलेला नाही. आणि खरे सांगायचे तर आज मी त्याला सरळ उत्तर देऊ शकते. एकाही नाही. तरीही पैसे द्या. का द्यायचे, एवढेच सांगायला हे पत्र लिहीत आहे.

आधी एन्झाइमविषयी, कारण समितीत सगळेच माझ्या विषयाचे नसतात.

१९३१ मध्ये केंब्रिजला मार्जोरी स्टीफन्सन आणि लेनर्ड स्टिकलंड यांनी जिवाणूंमधल्या हायड्रोजन हाताळणाऱ्या एन्झाइमला हायड्रोजनेज हे नाव दिले. त्यांच्या कामामागे ऊझ नदीचे फसफसणारे पाणी होते. बीटापासून साखर काढणाऱ्या कारखान्याचे सांडपाणी त्या नदीत जात होते. साखर कारखान्याचे पाणी नदीत गेले की काय होते, हे पंचगंगेकाठच्या माणसाला कुणी सांगायला नको. पण त्या घाणीत एन्झाइम शोधायला स्टीफन्सनबाईच लागल्या. (१९४५ मध्ये रॉयल सोसायटीने पहिल्यांदा स्त्रियांना फेलो करून घेतले, त्या दोघींतल्या या एक.)

एन्झाइमच्या पोटात काय आहे ते कळायला मात्र १९९० चे दशक उजाडावे लागले. निकेल आणि लोखंड असलेल्या हायड्रोजनेजची रचना १९९५ मध्ये हाती आली, दोन लोखंडांवाल्याची १९९८ आणि १९९९ मध्ये. दोन लोखंडांवाले जास्त चलाख. त्याचा एक रेणू सेकंदाला हजारो हायड्रोजन रेणू सोडतो, आणि या कामाला आपण वापरतो त्या महागड्या प्लॅटिनमचा त्यात कणही नाही. लोखंडाच्या त्या दोन अणूंना चिकटलेले सापडले कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइड. ज्या दोन गोष्टींना आपण जिवाच्या आकांताने भितो, त्या हा जिवाणू स्वतः तयार करून आपल्या यंत्रात बसवतो. लोखंडाच्या शेजारी दोन गंधक, त्यांना जोडणारा एक छोटा पूल, आणि पुलाच्या मधोमध एक अणू. तो कार्बन, ऑक्सिजन की नायट्रोजन, यावर पुढे जवळजवळ पंधरा वर्षे वाद चालला. स्फटिकाच्या चित्रात हे तिघे सारखेच दिसतात. शेवटी २०१३ मध्ये प्रयोगशाळेत तिन्ही प्रकारचे पूल बनवून रिकाम्या एन्झाइममध्ये घालून बघितले. नायट्रोजनवाला गेला तेव्हाच एन्झाइम पूर्ण ताकदीने चालले.

त्या नायट्रोजनचे काम समजायला स्लॅब पडतानाचे दृश्य डोळ्यांसमोर आणा. खालून वर माणसांची रांग, हातोहात घमेली पुढे जातात. वरचा शेवटचा माणूस घमेले घेतो आणि बरोबर जागी उलटे करतो. तो शेवटचा माणूस काढून घ्या. बाकी सगळे आहेत, माल आहे, पण काम ठप्प. पुलावरचा नायट्रोजन म्हणजे तो माणूस. पाण्यातला प्रोटॉन तो हातात घेतो आणि लोखंडावर बसलेल्या हायड्राइडपाशी (जास्तीचा इलेक्ट्रॉन असलेल्या हायड्रोजनपाशी) नेऊन देतो. दोघे भेटले की हायड्रोजन.

अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेत डॅनियल ड्युबॉइस यांच्या गटाने एवढाच धडा उचलला. लोखंड नको, सायनाइड नको, साठ हजार डाल्टनचे अवजड प्रथिन तर नकोच. निकेलचा एक अणू, त्याला धरणारे चार फॉस्फरस, आणि बाजूला घमेली झेलायला नायट्रोजन. २०११ मध्ये या कुळातल्या एका रेणूने सेकंदाला १,०६,००० फेरे गाठले; एका फेऱ्याला एक हायड्रोजन रेणू. एन्झाइमच्याही पुढे. तेव्हा मी पीएचडीला नुकतीच लागले होते आणि तो आकडा मी टेबलासमोर चिकटवून ठेवला होता. खालचा बारीक मजकूर नंतर वाचला. प्रयोग ॲसिटोनायट्राइल या सेंद्रिय द्रावकात केलेला, आम्ल वेगळे, पाणी घातलेले पण थोडेच, आणि विभव (विजेचा दाब) गरजेपेक्षा सहाशे मिलिव्होल्टने जास्त. एन्झाइम हेच काम साध्या पाण्यात, जवळजवळ फुकटात करते.

शिवाय तो रेणू द्रावणात मोकळा तरंगत होता. मोकळ्या रेणूची अडचण अशी की इलेक्ट्रोडला येऊन टेकलेले तेवढेच कामाला, बाकीची बघ्यांची गर्दी. म्हणून रेणू इलेक्ट्रोडला बांधायचा, कापडाला गुंडी शिवावी तसा: रेणूतला काम करणारा धातू ही गुंडी, रेणूला इलेक्ट्रोडशी जोडणारा दुवा हा दोरा. माझे सगळे काम या बांधण्याचे आहे, आणि घोडे पेंड खाते तेही इथेच.

बांधण्याचे प्रकार बरेच आहेत. मी सर्वांत जास्त वापरते ती डायॲझोनियम क्षारांची रीत. चकतीला ऋण विभव द्यायचा; क्षारातून नायट्रोजन सुटून जातो आणि उरलेला तुकडा समोर दिसेल त्या कार्बनला पक्का चिकटतो. पडद्यावर हे बघायला मजा येते. विभव खाली-वर नेण्याच्या पहिल्या फेरीत प्रवाहाच्या आलेखाला मोठा उंचवटा येतो, दुसऱ्या फेरीत तो जवळजवळ सपाट, तिसऱ्यात काहीच नाही. जागा भरल्या, असे आपण म्हणतो. भरल्या, पण कशाने? तो तुकडा इतका उतावीळ असतो की चकतीवर जागा नसेल तर आधी बसलेल्या भावंडांच्या डोक्यावर बसतो. गवत लावायला जावे आणि झुडूप उगवावे, तसे.

दुसरी रीत पायरीनची. चार षटकोनी कड्यांचा हा सपाट रेणू कार्बन नॅनोट्यूबच्या (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळीच्या) भिंतीला ओल्या पापडाला पापड चिकटावा तसा चिकटून राहतो. बंध असा काही नसतो, तरी सहजी निघत नाही. धातूंच्या ऑक्साइडवर फॉस्फोनिक आम्लाचा पाय लावतात. तो आम्लात धरून राहतो, अल्कलीत पाय सोडतो. अमेरिकेतल्या एमआयटीत योगेश सुरेंद्रनाथ यांच्या गटाने वेगळीच वाट काढली. मधे लवचिक दोरा ठेवायचाच नाही, ग्रॅफाइटच्या कडेलाच पायरझिनचे कडे तयार करून रेणू त्यात विणून टाकायचा. मग रेणू आणि इलेक्ट्रोड असे दोन वेगळे उरतच नाहीत, रेणू धातूच्या पृष्ठभागासारखा वागू लागतो. मला हे काम फार आवडते. दोऱ्याची भानगडच नको म्हणणारा शिंपी क्वचितच भेटतो.

या क्षेत्रातला मैलाचा दगड २००९ चा, फ्रान्समधला. ग्रेनोबल आणि साक्ले इथल्या व्हिन्सेंट आर्तेरो, ॲलन ले गॉफ, सर्ज पालासँ, मार्क फाँतेकाव्ह यांच्या गटांनी ड्युबॉइस कुळातला निकेलचा रेणू नॅनोट्यूबवर बांधला. आधी डायॲझोनियमने ट्यूबवर हुकासारखे आकडे उगवले, मग रेणू त्या आकड्यांना अडकवला. सल्फ्युरिक आम्लात, जिथे साधे निकेल विरघळून जाते तिथे, तो एक लाखाहून जास्त फेरे टिकला. २०१३ मध्ये कोबाल्टच्या रेणूने पाण्यात सात तासांत ५५,००० फेरे केले. आणि या कहाणीत मुंबईही आहे. आज पवईच्या आयआयटीत असलेले अर्णब दत्ता त्या अमेरिकन प्रयोगशाळेत वेंडी शॉ यांच्याबरोबर निकेलच्या रेणूभोवती ग्लायसीन, आर्जिनीन अशी अमिनो आम्ले लावण्याचे काम करत होते. एन्झाइमचे अख्खे प्रथिन नको, पण त्याच्या भोवतालाची थोडी हवा रेणूला मिळू दे, अशी ती कल्पना. आर्जिनीनवाला रेणू पुढे ग्रेनोबलला नॅनोट्यूबवर बसला आणि २०१७ मध्ये त्याच्यावर चाललेल्या, उलट हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या इंधन घटाने चौरस सेंटीमीटरला १४ मिलिवॅट दिले. दोन्ही इलेक्ट्रोडांवर प्लॅटिनम असलेल्या घटापेक्षा सहापट कमी. निकेलच्या रेणूसाठी मी याला थोडके म्हणणार नाही.

आता तुमच्या किलोवॅटकडे येते. हा हिशेब वहीच्या मागच्या पानावर होतो.

चकतीच्या एका चौरस सेंटीमीटरवर साधारण एक नॅनोमोल रेणू बसतात असे धरू. म्हणजे सहावर चौदा शून्ये. कारखान्यातला इलेक्ट्रोलायझर, म्हणजे विजेने पाणी फोडणारे यंत्र, चौरस सेंटीमीटरला निदान एक अँपिअर घेतो. एका हायड्रोजन रेणूला दोन इलेक्ट्रॉन. भागाकार केला की येते: प्रत्येक रेणूने सेकंदाला पाच हजारांवर फेरे करायला हवेत. वेगाची चिंता नाही, हे रेणू पळू शकतात. पण या वेगाने एक लाख फेरे संपायला वीस सेकंदही लागत नाहीत. सच्छिद्र कार्बन घेऊन शंभरपट रेणू बसवले तरी अर्धा तास. आणि एक चौरस सेंटीमीटर एक वर्ष चालवायचा असेल, तर नॅनोमोलच्या हिशेबाने प्रत्येक रेणूला सोळा हजार कोटी फेरे करावे लागतील.

एक लाख आणि सोळा हजार कोटी. या दोन आकड्यांमधल्या दरीवर, प्रस्ताव मागवणाऱ्या तुमच्या आवाहनांत एक ओळ नसते. आवाहनात असते कार्यक्षमता, प्रवाहघनता, तंत्रज्ञान-सिद्धतेची पातळी, स्टार्टअप. आम्हीही शहाणे, जे विचारले जाते तेच लिहितो. आलेखाचा पहिला तास छापतो. पुढे प्रवाह उतरायला लागला की 'चांगले स्थैर्य दिसले' असे लिहून पान उलटतो. मीही लिहिले आहे.

जिवाणू काय करतो? त्याचे एन्झाइमही बिघडते. ऑक्सिजन लागला तर दोन लोखंडांवाले हायड्रोजनेज बघता बघता मरते. पण पेशीकडे नवे बनवायचा कारखाना आहे, मोडले की दुसरे. आम्ही एन्झाइमकडून कामाची जागा उचलली आणि दुरुस्तीचे खाते तिथेच ठेवून आलो. इलेक्ट्रोडवरचा रेणू मेला की मेला.

आणि मेला तो कसा, हे ओळखणे सोपे नाही. प्रवाह उतरत जाणारा आलेख एकच असतो, कारणे पाच असू शकतात. दोरा तुटून रेणू पाण्यात गेला असेल. दोरा शाबूत असेल पण रेणूच्या मिठीतून धातू निसटला असेल. निसटलेल्या धातूचे बारीक कण त्याच चकतीवर बसून आता तेच हायड्रोजन काढत असतील, आणि आपण रेणूच्या नावाने पेढे वाटत असू. कोबाल्टच्या रेणूंच्या बाबतीत हे नीट दाखवले गेले आहे. फॉस्फरसला ऑक्सिजन लागून तो निकामी झाला असेल. किंवा काहीच बिघडलेले नसेल, नुसता एक बुडबुडा चकतीवर ठाण मांडून बसला असेल. हा शेवटचा प्रकार विद्यार्थ्यांच्या दोन-दोन दिवसांची वाट लावतो; उपाय म्हणजे टिचकी मारणे.

माझी स्वतःची फजिती सांगते. चौथ्या वर्षी माझा एक उत्प्रेरक वापरून वापरून सुधारत होता. सोमवारपेक्षा मंगळवारी चांगला, मंगळवारपेक्षा गुरुवारी चांगला. रेणू आम्लात राहून स्वतःची रचना जुळवून घेतो आहे, अशी एक सुंदर कल्पना मी रचली, स्लाइड केल्या, विभागात भाषण ठोकले. शेवटच्या रांगेतून एका निवृत्त सरांनी विचारले, "काउंटर इलेक्ट्रोड कशाचा आहे?" (म्हणजे परिपथ पूर्ण करणारा, चकतीसमोरचा दुसरा इलेक्ट्रोड.) प्लॅटिनमचा, मी म्हटले. ते काही बोलले नाहीत, नुसते हसले. रात्री प्लॅटिनमची तार काढून ग्रॅफाइटची कांडी लावली, चकती नव्याने घासली, नवा रेणू बसवला. सुधारणा गायब. झाले होते असे की समोरच्या तारेतले प्लॅटिनम आम्लात कणाकणाने विरघळत होते आणि येऊन माझ्या चकतीवर बसत होते. प्लॅटिनमला पर्याय शोधणारी मी, आठवडाभर प्लॅटिनमच मोजत होते. ते भाषण ऐकलेले लोक अजूनही भेटले की ग्रॅफाइटची चौकशी करतात.

ही चूक मी छापली नाही, कारण छापायला जागा नाही. माझ्यानंतर किती जणांनी तोच आठवडा घालवला असेल?

दुसरा प्रसंग जास्त बोचतो. तीन वर्षांपूर्वी निकेलच्या एका रेणूवर आम्ही दोनशे तासांची चाचणी लावली. विद्यार्थिनी रात्री प्रयोगशाळेतच झोपायची. सहाव्या दिवशी पहाटे वळवाच्या पावसात वीज गेली. यूपीएसने चाळीस मिनिटे तग धरला, जनरेटर आमच्या मजल्याला जोडलेला नाही. वीज आली तेव्हा प्रवाह निम्म्यावर होता आणि परत चढला नाही. विद्यार्थिनी रडकुंडीला आली. मी मात्र चहा पिताना विचार करत होते की हीच चाचणी खरी झाली. सौर विजेवरचा इलेक्ट्रोलायझर रोज संध्याकाळी थांबणारच आहे. विभव जाताच रेणूला काय होते, हा प्रश्न अखंड दोनशे तासांपेक्षा मोलाचा होता.

म्हणून त्या चकतीचे शवविच्छेदन करायचे ठरले. पृष्ठभागावर कुठले अणू उरलेत ते सांगणारा क्ष-किरण फोटोइलेक्ट्रॉन वर्णपटमापक आमच्याकडे नाही. दुसऱ्या शहरातल्या संस्थेत पैसे भरून नंबर लावला, तो सात आठवड्यांनी लागला. तोवर चकती आरगॉन भरलेल्या काचेच्या डबीत. निकाल आला: निकेल अर्ध्याहून कमी राहिले होते, फॉस्फरस जवळजवळ होता तेवढाच. म्हणजे दोरा तुटला नव्हता, गुंडीच निखळली होती आणि दोऱ्याला नुसती रिकामी कडी लोंबत होती. फॉस्फरसला ऑक्सिजन लागलेला दिसत होता. पण तो त्या चाळीस मिनिटांनंतर लागला की डबीतल्या सात आठवड्यांत, ते आता कुणीच सांगू शकत नाही. दोन दिवसांत मोजता आले असते तर उत्तर मिळाले असते. उत्तर मिळाले असते तर पुढचा रेणू कसा बनवायचा ते कळले असते. प्रकल्पाचा निधी त्याच मार्चअखेरीस संपला.

मरणाचा नीट अभ्यास केला की काय हाती लागते, याचे एक उदाहरण देते. हायड्रोजन वापरणाऱ्या बाजूसाठी, म्हणजे इंधन घटासाठी, वेंडी शॉ आणि जर्मनीतल्या सहकाऱ्यांनी निकेलचा रेणू पॉलिमरच्या थरात कोंडला आणि ऑक्सिजन त्याचे काय करतो ते बारकाईने पाहिले. २०१८ मध्ये त्यांनी दाखवले की थराचे आपोआप दोन भाग पडतात. इलेक्ट्रोडजवळचे रेणू वीज करतात. बाहेरचे रेणू विजेच्या तारेला जोडलेलेच नसतात. ते हायड्रोजन वापरून आत येणारा ऑक्सिजन वाटेतच संपवतात. आतल्यांनी कमवायचे, बाहेरच्यांनी राखण करायची. शेतातल्या माचाणासारखे. जास्त वेगाचा रेणू बनवून हे सापडले नसते.

तुमच्यातल्या अभियंत्यांचा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो रास्त आहे. अल्कली इलेक्ट्रोलायझरमध्ये साधे निकेल मुकाट्याने काम करते. भाक्राच्या विजेवर नांगलच्या खत कारखान्यात १९६० च्या दशकात ते चाललेच होते. आम्लातल्या पटल-इलेक्ट्रोलायझरमध्ये खरी टंचाई हायड्रोजनच्या बाजूच्या प्लॅटिनमची नाही, समोरच्या, ऑक्सिजन सुटणाऱ्या बाजूच्या इरिडियमची आहे. जगात वर्षाला सात-आठ टनच निघते ते, आणि बहुतेक दक्षिण आफ्रिकेत. मग या रेणूंचे लोणचे घालायचे का?

माझे उत्तर असे. धातूच्या तुकड्यावर नेमका कुठला अणू काम करतो हे शोधण्यातच आयुष्य जाते. रेणूत एक अणू बदलला की एकच अणू बदलतो, आणि परिणाम दिसतो. इथे शिकलेले दुसरीकडे कामी येते. २००५ मध्ये मॉलिब्डेनम सल्फाइडच्या कडा हायड्रोजन काढू शकतील हे ओळखले गेले, ते नायट्रोजनेज (हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करणारे) आणि हायड्रोजनेज या एन्झाइमांमधल्या जागा हायड्रोजनला किती घट्ट धरतात याच्याशी तुलना करूनच. आज जगभर त्या सल्फाइडवर काम चालते, आणि त्यात रेणू असा नाहीच. शिवाय प्लॅटिनमला कार्बन मोनॉक्साइड बाधतो. पायरीनने नॅनोट्यूबवर बसवलेल्या निकेलच्या रेणूंना तो फारसा बाधत नाही, हे २०११ मध्येच दिसले. आणि दोऱ्याचा प्रश्न फक्त हायड्रोजनचा नाही. कार्बन डायऑक्साइडपासून इंधन करायचे असो की विजेवर अमोनिया, रेणू इलेक्ट्रोडवर टिकवायचा असेल तिथे हीच अडचण समोर उभी राहते.

आता पैशांचे. ४ जानेवारी २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेला १९,७४४ कोटी रुपये मंजूर केले. त्यातले १७,४९० कोटी इलेक्ट्रोलायझर आणि हायड्रोजनच्या उत्पादनाला प्रोत्साहन म्हणून, ४०० कोटी संशोधनाला. शंभरातले दोन रुपये. वाढवा असे म्हणायला मी आलेले नाही. म्हणणारे बरेच आहेत आणि त्यांचा आवाज माझ्यापेक्षा मोठा आहे. त्या दोन रुपयांतले काही पैसे कशाने काय मेले हे शोधायला द्या, एवढेच मागते.

म्हणजे प्रत्यक्षात काय? रेणवीय उत्प्रेरकांच्या प्रस्तावाला किलोवॅट विचारू नका, तास विचारा, आणि तासांनंतर काय उरले ते विचारा. तीन वर्षांऐवजी पाच वर्षे द्या. दोनशे तासांची चाचणी दहा वेळा करायची तर कॅलेंडरच पुरत नाही. इंदूरला इंडस-२ सिंक्रोट्रॉन (प्रखर क्ष-किरण देणारे यंत्र) आहे, तिथे काम चालू असतानाच इलेक्ट्रोडवरच्या निकेलची अवस्था क्ष-किरणांनी पाहता येते. अशा कामासाठी 'चकती मरताच मोजणी' अशा तातडीच्या काही वेळा राखून ठेवा, जशी इस्पितळात एखादी खाट रिकामी ठेवतात. जनरेटरची जोडणी हा उपकरणखर्च माना. आज तो 'इमारत' या नावाखाली कापला जातो. आरगॉनचे सिलिंडर, ग्रॅफाइटच्या कांड्या, विद्यार्थ्यांचे विद्यावेतन वेळेवर. या बाबतीत नवे सांगण्यासारखे काही नाही, तुम्हालाही पाठ झाले असेल.

आणि फसलेल्या प्रयोगांची एक नोंदवही सुरू करा, सर्वांना वाचता येईल अशी. तिचे पहिले पान मी भरून देते. तारीख, चकती, आम्ल, रेणू, आणि शेवटच्या रकान्यात: काउंटर इलेक्ट्रोड प्लॅटिनमचा होता.

पुढच्या आवाहनाचा मसुदा कधीतरी तुमच्यासमोर येईलच. त्यात घालायला एक ओळ लिहून ठेवली आहे, हवी तर जशीच्या तशी घ्या: 'इलेक्ट्रोडवर बसवलेल्या उत्प्रेरकाचा प्रवाह निम्म्यावर येईपर्यंत चाचणी चालवावी, आणि तो का उतरला याचा पुरावा अहवालासोबत जोडावा, यासाठीचा खर्च स्वतंत्र शीर्षाखाली मंजूर राहील.'

चकती अजून डबीतच आहे. कुणाला बघायची असेल तर दाखवीन.

आपली,
एक विद्युत्‌रसायनशास्त्रज्ञ